मँचेस्टरची दांडगी पोरे

मँचेस्टर म्हटले म्हणजे आपल्याकडील जुन्या माणसांना कापड आठवते. धोतरजोडीच्या ठाणावर चिकटवलेली देवादिकांची रंगीत चित्रे, त्याखाली व्यापाऱ्याचे नाव, आणि ते कापड विलायतेहून आले म्हणून त्याचे वाटणारे अप्रूप किंवा त्याविषयीचा संताप, या दोन्ही गोष्टी एका पिढीच्या स्मरणात होत्या. परंतु ज्या गिरण्यांत ते कापड विणले जाई, त्यांच्या भिंतींना टेकून उभ्या असलेल्या गल्ल्यांत त्याच काळी काय चालले होते, याची वार्ता त्या ठाणांबरोबर इकडे आली नाही. सुमारे १८७० पासून शतक संपेपर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, चौदा ते एकोणीस वर्षांची पोरे या गल्ल्यांतून टोळ्या करून एकमेकांवर तुटून पडत होती. वाटेत सापडलेल्या तिऱ्हाइतालाही कधी कधी त्यांचा प्रसाद मिळे. या प्रकाराला तिकडे ‘स्कटलिंग’ असे नाव पडले आणि तो करणाऱ्यांना ‘स्कटलर’ म्हणू लागले.

हा इतिहास तसा लहान आहे. त्यात राजे नाहीत, तह नाहीत, कोणाचे राज्य बुडाले नाही. तरीही तो ध्यानात घेण्यासारखा आहे. पोरांनी रस्त्यावर दंगा मांडला म्हणजे मोठी माणसे जे जे बोलतात, ते सर्व त्या तीस वर्षांत मँचेस्टरमध्ये बोलून झाले. फटके मारा, आईबापांना दंड करा, वाईट पुस्तके जाळा, शाळामास्तरांना जाब विचारा, असे सगळे उपाय सुचवून झाले. त्यांतील काही करून पाहिले गेले, काही नुसतेच बोलण्यावर राहिले. अखेर तो प्रकार निवळला. तो कशाने निवळला याचा शोध घेऊ लागले म्हणजे मात्र पुष्कळ ठाम मते डळमळू लागतात.

आधी ते शहर पाहिले पाहिजे. इर्वेल नदीच्या एका तीरावर मँचेस्टर आणि दुसऱ्या तीरावर सॉल्फर्ड अशी ही जोडशहरे. मँचेस्टरच्या पूर्वेस अँकोट्स हा भाग. गिरण्यांसाठीच वसवलेली वस्ती म्हणून जगात ज्या वस्त्या प्रथम गणल्या जातात त्यांपैकी ही एक. तेथून जवळच एंजल मेडो, म्हणजे शब्दशः ‘देवदूतांचे कुरण’. नाव असे असले तरी शहरातील अत्यंत गलिच्छ वस्त्यांत या भागाची गणना होत असे. फ्रीडरिक एंगेल्स तरुणपणी मँचेस्टरला आला होता, आणि १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात या शहरातील कामकरी वस्त्यांचे जे वर्णन आहे ते आजही वाचवत नाही. पाठीला पाठ लावून बांधलेली घरे, सामाईक शौचकूप, ओलीने पाझरणाऱ्या भिंती, आणि एका-दोन खोल्यांत सगळे कुटुंब. अशा घरात रात्री झोपायला जागा मिळे, तीही दाटीवाटीने. बारातेरा वर्षांच्या पोराने बसावे, खेळावे, मित्रांशी बोलावे असे ठिकाण घरात नसे. ते ठिकाण म्हणजे गल्लीचा कोपरा. तेथे दिवा असे, दारूच्या गुत्त्याचा उजेड असे आणि सोबती असत. मुंबईच्या चाळींचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना यात फारसे नवल वाटणार नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या कामाची. इंग्लंडात प्राथमिक शिक्षणाचा मोठा कायदा १८७० साली झाला आणि हजेरीची सक्ती १८८० साली आली. परंतु लँकशायरच्या गिरण्यांत ‘अर्ध्या वेळेची’ पद्धत होती. दहा वर्षे पुरी झालेले मूल अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जाई. ही वयोमर्यादा पुढे एकेक वर्षाने वाढत गेली, पण पद्धत मोडणारा कायदा व्हायला १९१८ साल उजाडावे लागले. सकाळी गिरणीत उभे राहून आलेले पोर दुपारी बाकावर पेंगत असे, अशी शिक्षकांची कायमची तक्रार होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळा संपली की पूर्ण वेळ काम. मजुरी मोठ्या माणसापेक्षा कमी. तीही आईच्या हाती द्यायची आणि आई परत देईल तेवढे पैसे आपले. अर्थात हातात थोडा पैसा, अंगात भरपूर जोर, दिवसभर यंत्राच्या तालावर चालणारे कंटाळवाणे काम, आणि संध्याकाळी जायला रस्त्याखेरीज दुसरी जागा नाही, अशी त्यांची अवस्था होती. त्यांना बेकार किंवा भिकारी समजणे चूक होईल. ती कमावती पोरे होती.

टोळ्यांची नावे गल्ल्यांवरून पडत. सॉल्फर्डमधील होप स्ट्रीट, माइल्स प्लॅटिंगमधील हॉलंड स्ट्रीट, एंजल मेडोमधील ‘मेडो लॅड्स’. अँकोट्समध्ये बेंगॉल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्याच्या आसपासच्या बोळांतील टोळीने ‘बेंगॉल टायगर’ असे नाव घेतले होते. बंगालचा वाघ या पोरांनी चित्रात तरी पाहिला होता की नाही कोण जाणे, पण साम्राज्याचा एवढा अंश त्यांच्या वाट्यास आला होता. पोशाखही ठरलेला. पायांत टोकाला पितळ मारलेले लाकडी तळाचे बूट, खाली घोळदार होत गेलेली पाटलोण, गळ्यात रेशमी रुमाल, कपाळावर ओढलेली केसांची झुलपे, आणि कमरेला जाड चामडी पट्टा. या पट्ट्यावर त्यांचा फार जीव. त्यावर पितळी टाचण्या ठोकून नक्षी काढलेली असे. लढाईच्या वेळी हा पट्टा काढून त्याचे एक टोक मनगटाला गुंडाळायचे आणि जड बकल मोकळे सोडून फिरवायचे. डोके फुटायला एक तडाखा पुरे होई. काहींजवळ चाकूही असत. दगड तर रस्त्यावर होतेच.

लढाया आधी ठरवून होत, तशा अवचितही होत. दुसऱ्या गल्लीतला पोरगा एकटा सापडला, किंवा आपल्या टोळीतल्या कोणाच्या मैत्रिणीबरोबर कोणी परका बोलताना दिसला, की एवढे निमित्त पुरे. रविवारी संध्याकाळी ऑल्डम स्ट्रीटवर गिरणीतली तरुण मुले-मुली नटून फेरफटका मारायला येत, तेथेही जुनी भांडणे उकरून निघत. मुलीही यात मागे नव्हत्या. दगड पुरवणे, चिथावणी देणे इतकेच नव्हे, तर प्रत्यक्ष हाणामारी केल्याबद्दल मुलींना कोर्टात उभे केल्याचे दाखले आहेत. त्या काळच्या वर्तमानपत्रांना याचाच धक्का अधिक बसला. पुरुषांबरोबर यंत्रावर उभे राहून मजुरी करणाऱ्या मुली संध्याकाळी घरात शिवण घेऊन बसतील, ही अपेक्षा कोणाच्या मनात होती ते त्या वर्तमानपत्रांनाच ठाऊक.

या मारामाऱ्यांत बहुतेक वेळा मारणारा आणि मार खाणारा एकाच वयाचे, एकाच थरातले असत. हेतू जीव घेण्याचा क्वचितच असे. दुसऱ्याच्या अंगावर खूण ठेवणे आणि आपल्या गल्लीचे नाव राखणे, हा मुख्य उद्देश. तीस वर्षांतील शेकडो चकमकींच्या मानाने मृत्यू थोडे झाले. परंतु हे वाक्य लिहिणे सोपे आहे. ज्याचा डोळा गेला त्याला ते ऐकवण्यासारखे नाही. वाटेने जाणाऱ्या निरपराध माणसांनाही मार बसे, दुकानांच्या काचा फुटत, आणि ज्याने कोर्टात साक्ष दिली त्याला पुढे गल्लीतून चालणे कठीण होई. साक्षीदार मिळत नाहीत ही पोलिसांची तक्रार खोटी नव्हती. गरीब वस्तीत राहणाऱ्या शांत माणसाचा प्रश्न येथे होता. श्रीमंतांची घरे दूर उपनगरांत होती आणि स्कटलर तेथवर सहसा पोचत नसत. भीतीची ओझी नेहमी अशी विषम वाटली जातात. वर्तमानपत्रात पत्र लिहिणारा एका ठिकाणी राहतो आणि संध्याकाळी दाराला कडी घालून बसणारी विधवा दुसऱ्या ठिकाणी.

हा प्रकार सुरू कसा झाला याविषयी एक चमत्कारिक समजूत पुढे रूढ झाली. १८७०-७१ साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध चालू होते. त्याच्या बातम्या ऐकून रॉचडेल रोडच्या परिसरातील पोरांनी लुटुपुटीची लढाई सुरू केली आणि ती खरी झाली, असे सांगत. यात तथ्य असले तरी ते ठिणगीपुरते असेल. लाकूड आधीच वाळलेले होते. युरोपात कितीतरी युद्धे झाली, पण प्रत्येक युद्धानंतर तीस वर्षांची गल्लीयुद्धे कोठे झाली नाहीत.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय अर्थात तुरुंग. मॅजिस्ट्रेट महिना-दोन महिने सक्तमजुरी देत, गंभीर जखम असेल तर वरच्या कोर्टात वर्षानुवर्षांची शिक्षा होई. पोरगा स्ट्रेंजवेज तुरुंगात जाऊन परत आला म्हणजे गल्लीत त्याची पत वाढलेली असे. १८९२ मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाला खुनाबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे ती रद्द होऊन त्याला जन्मठेप मिळाली. या घटनेने शहर काही काळ हादरले. फाशी सुनावली गेली तो मुलगा आणि मेलेला मुलगा, दोघांची घरे एकमेकांपासून फार दूर नव्हती.

दुसरा उपाय फटक्यांचा. १८९० च्या सुमारास या मागणीने मँचेस्टर आणि सॉल्फर्डमध्ये फार जोर धरला. मागणीमागे एक पूर्वाधार सांगितला जाई. १८६२ साली लंडनमध्ये रात्री माणसाचा गळा मागून आवळून त्याला लुटण्याचे काही प्रकार झाले. त्यांपैकी एक पार्लमेंटच्या सभासदालाच पॉल मॉलसारख्या रस्त्यावर भोवला. मग काय विचारता! वर्तमानपत्रे पेटली आणि १८६३ मध्ये अशा लुटारूंना फटके मारण्याचा कायदा पास झाला. त्यानंतर गळे आवळणे थांबले, तेव्हा फटक्यांनी गुन्हे थांबतात, असे एक सूत्र इंग्रज न्यायाधीशांच्या आणि सामान्य माणसाच्याही मनात पक्के बसले. पुढे पाऊणशे वर्षे ते कोणी फारसे तपासून पाहिले नाही. सरकारने नेमलेल्या कॅडोगन समितीने १९३८ साली आपला अहवाल दिला, त्यात हे सूत्र निकालात निघाले. गळे आवळण्याची लाट कायदा मंजूर होण्यापूर्वीच ओसरली होती, असे तारखा ताडून पाहता दिसले. फटके खाल्लेले लुटारू पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण फटके न खाल्लेल्यांपेक्षा कमी होते, असेही काही आढळले नाही. १९४८ च्या कायद्याने इंग्लंडातील न्यायालयांचा फटके मारण्याचा अधिकार संपला. स्कटलरांसाठी हा अधिकार मागितला गेला तेव्हा सरकारने तो दिला नव्हता. आणि तो न देताही शतक संपता संपता स्कटलर संपले, ही गोष्ट फटक्यांच्या पुरस्कर्त्यांनी कधी हिशेबात धरली नाही.

हिंदुस्थानात मात्र एवढा विचार करण्याची गरज त्या राज्यकर्त्यांना भासली नव्हती. १८६४ चा व्हिपिंग अॅक्ट येथे लागू झाला आणि त्यात अल्पवयी गुन्हेगारांना इतर शिक्षांऐवजी वेत मारण्याची सोय होती. तुरुंगात पाठवण्यापेक्षा वेत बरे, पोर बिघडलेल्यांच्या संगतीत पडत नाही, असे त्याचे समर्थन केले जाई. त्यात थोडा अर्थ नव्हता असे नाही. ही शिक्षा स्वतंत्र भारताने १९५५ साली कायद्याने रद्द केली.

मँचेस्टरमध्ये या गोंगाटात एक मनुष्य त्या पोरांजवळ जाऊन बसला. अलेक्झांडर डिव्हाइन त्याचे नाव. तो वर्तमानपत्राचा बातमीदार होता आणि पोलीस कोर्टात रोज उभी राहणारी मुले पाहून त्याचे मन त्यांच्याकडे वळले. त्याने अशा मुलांसाठी आश्रयगृह चालवले आणि १८९० मध्ये स्कटलरांवर एक पुस्तिका लिहिली. त्याने कारणे चार दिली आहेत: आईबापांचा धाक नाही, शाळेत शिस्त नाही, वाङ्मय हीन, आणि गलिच्छ वस्तीतील आयुष्य कमालीचे कंटाळवाणे. पहिली तीन कारणे त्या काळी कोणीही दिली असती. पेनी-पेनीला मिळणाऱ्या दरोडेखोरांच्या गोष्टींवर तर सर्वांचाच राग होता. त्यांची जागा पुढे सिनेमाने घेतली, मग चित्रकथांनी, मग दूरदर्शन संचाने, आणि आता खिशातल्या फोनने. यांपैकी काहीच निर्दोष नाही, पण दर पिढीचा आरोपी वेगळा आणि आरोपपत्र तेच, हे पाहून थोडे थबकायला होते. डिव्हाइनचे चौथे कारण मात्र खास त्याचे, त्या गल्ल्यांतून हिंडून आलेल्या माणसाचे. संध्याकाळी सहा ते दहा या वेळात या पोराने करावे काय, या प्रश्नाला मँचेस्टर शहराजवळ तोवर उत्तर नव्हते.

उत्तर हळूहळू तयार झाले, आणि तेही एका ठिकाणी नव्हे. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ह्यूम, अँकोट्स वगैरे भागांत कामकरी पोरांचे क्लब निघाले. काही चर्चच्या लोकांनी काढले, काही गिरणीमालकांनी आणि व्यापाऱ्यांनी. सॉल्फर्डचा प्रसिद्ध लॅड्स क्लब तर ग्रोव्हज नावाच्या दारू गाळणाऱ्या घराण्याने काढला. ज्या गुत्त्यांच्या दिव्याखाली टोळ्या जमत, त्या व्यवसायातूनच पोरांच्या क्लबाला पैसा आला, हा योग मोठा मजेचा आहे. १९०४ च्या जानेवारीत बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्या इमारतीचे उद्घाटन झाले. बालवीर चळवळ त्यानंतर काही वर्षांनी निघाली.

हे क्लब चालत कसे, ते पाहणे उद्बोधक आहे. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर पोरांनी यावे. आत शेगडी पेटलेली, दिवे लागलेले. व्यायामशाळा, मुष्टियुद्धाचा आखाडा, बिलियर्डचे टेबल, थोडी पुस्तके. शनिवारी फुटबॉल आणि उन्हाळ्यात एक आठवडा समुद्रकाठी किंवा डोंगरात मुक्काम. अँकोट्समध्ये वाढलेल्या कित्येक पोरांनी समुद्र पाहिलेला नसे. वर्गणी नाममात्र, पण ती द्यावीच लागे. फुकट असते तर पोरांनी त्याला किंमत दिली नसती, असा चालकांचा अनुभव. मुष्टियुद्ध शिकवण्यास काही धार्मिक मंडळींचा विरोध होता. परंतु जे हात पट्टा फिरवत होते त्यांना हातमोजे देण्यात शहाणपण होते. तेथे पंच असतो, वेळ ठरलेली असते, आणि पडलेल्या माणसाला मारायचे नसते.

फुटबॉलचेही तसेच. वेस्ट गॉर्टन या भागातील सेंट मार्क्स चर्चच्या मंडळींनी १८८० साली आपला संघ उभा केला. रेक्टरची कन्या अॅना कॉनेल हिने भागातील पुरुषांची दारू आणि दंगे पाहून जे काम हाती घेतले होते त्यातूनच हा संघ निघाला, असे परंपरेने सांगितले जाते. चौदा वर्षांनी त्याच संघाचे नाव मँचेस्टर सिटी झाले. आज त्या नावाभोवती फिरणारा अफाट पैसा पाहिला, तर चर्चच्या मैदानावरची ती पोरे कोणालाही ओळखू येणार नाहीत.

क्लबांची स्तुती करतानाही हात आखडता घेतलेला बरा. चालक बहुधा मालकवर्गातले होते. पोर गुंड होऊ नये ही त्यांची इच्छा होती, तशीच ते नेमस्त कामगार व्हावे हीही होती. सर्वांत दांडगी पोरे प्रथम क्लबात येत नसत. येत ती त्यांच्या मागे उभी राहणारी, उद्या दांडगी होऊ शकणारी. कदाचित खरा उपयोग येथेच झाला असेल. मुलींसाठी मात्र असे काही फार थोडे झाले. पोरांसारखीच गिरणीत राबणारी आणि वेळप्रसंगी पोरांसारखीच लढणारी मुलगी या सुधारकांच्या नजरेतून निसटली. हे त्या चळवळीचे ठळक उणेपण आहे, आणि नंतर कोठेकोठे निघालेल्या तशाच चळवळींतही ते राहून गेले.

अँकोट्समधील हेरॉड स्ट्रीटच्या क्लबात अनेक वर्षे काम केलेल्या चार्ल्स रसेल यांनी १९०५ मध्ये ‘मँचेस्टर बॉइज’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा स्कटलर हा विषय जवळजवळ गतकाळाचा झाला होता. हे श्रेय कोणाचे? क्लबांचे म्हणावे तर त्याच काळात काही अत्यंत वाईट वस्त्या पाडल्या गेल्या होत्या. शाळेतून सुटण्याचे वय वाढले होते. रस्त्यारस्त्यांतून फुटबॉल पसरला होता. आणि शतक उलटताच स्वस्त तिकिटांची चलच्चित्रगृहे आली. ज्या सिनेमाला पुढे मुले बिघडवल्याचा दोष मिळाला, त्याने त्या पोरांना संध्याकाळी रस्त्यावरून उचलून अंधाऱ्या खोलीत गप्प बसवले. अमुक एका उपायाने गुण आला असे वैद्यालाही अशा वेळी सांगता येत नाही. एवढे मात्र दिसते की, ज्या ज्या गोष्टींनी गुण आल्याचा संभव आहे त्या सर्व सावकाश झाल्या, आणि ज्यांची मागणी मोठ्या आवाजात झाली त्या बहुतेक घडल्याच नाहीत.

मँचेस्टर शांत होत असतानाच लंडनला नवा शब्द सापडला. १८९८ च्या ऑगस्टमधील सुट्टीत झालेल्या दंग्यांनंतर ‘हूलिगन’ हे नाव वर्तमानपत्रांनी घरोघर पोचवले. जणू अशी पोरे त्याच वर्षी प्रथम जन्मास आली! जेफ्री पिअरसन या अभ्यासकाने १९८३ मध्ये या शब्दावर एक ग्रंथच लिहिला. आपल्या लहानपणी पोरे अशी नव्हती, ही तक्रार त्याने एकेका पिढीमागे नेत नेत पाहिली, आणि ज्या पिढीने ती केली नाही अशी पिढी त्याला सापडली नाही. १९६४ च्या ईस्टरमध्ये क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावी पोरांची किरकोळ धावपळ झाली, तिची वर्तमानपत्रांनी लढाई केली. स्टॅन्ली कोहेन याने तो सगळा प्रकार १९७२ च्या आपल्या पुस्तकात उलगडून दाखवला. भीती फुगवली जाते आणि फुगलेली भीती पोरांनाच एक भूमिका देऊन बसते, हे त्याचे निरीक्षण मोलाचे आहे. तथापि त्याचा आधार घेऊन काहीच घडत नाही असे म्हणू लागणारे लोकही असतात. क्लॅक्टनच्या बाबतीत ते कदाचित खपेल, अँकोट्सच्या बाबतीत नाही. तेथे डोकी खरोखर फुटत होती.

मँचेस्टरशी आपले नाते केवळ धोतरजोडीचे नव्हते. मुंबईच्या गिरण्या वाढू लागल्या तेव्हा लँकशायरच्या मालकांना मुंबईतील बालकामगारांचा अतोनात कळवळा आला, आणि त्यांच्या दडपणाचा १८८१ च्या हिंदी फॅक्टरी कायद्यात मोठा वाटा होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, असे त्या कायद्याने ठरले. कळवळ्यात स्वार्थ होता हे उघड आहे. त्यांच्या स्वतःच्या गिरण्यांत तेव्हा दहा वर्षांची मुले काम करीत होती. पण सात वर्षांच्या पोराला त्याचा काही फायदा झाला असेल, तर तो झालाच. वाट चुकलेल्या मुलांसाठी मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची संस्था १८५७ पासून होती. मुलांचा न्याय मोठ्यांपासून वेगळा करणारा मुंबईचा कायदा १९२४ साली झाला. गिरणगावातही गल्लीगल्लीला तालीम होती, आणि त्याच तालमीतून कधी कुस्तीगीर निघे, कधी ‘दादा’. वस्तादावर ते पुष्कळसे अवलंबून असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा ज्या तरुण पोरांना बापाची नोकरी मिळायची होती त्यांतील काही टोळ्यांच्या हाती लागली. तेथे पोरांचे हात मोकळे होते आणि काम देणारे दुसरे कोणी नव्हते. २०१२ च्या डिसेंबरमधील दिल्लीच्या अत्याचारानंतर देशभर उसळलेला क्षोभ समजण्यासारखा होता. त्यानंतर झालेल्या २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, अतिशय गंभीर गुन्हा असेल तर, पूर्वतपासणी करून मोठ्या माणसाप्रमाणे खटला चालवण्याची वाट मोकळी झाली. १८६३ च्या कायद्याशी त्याची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल. पण क्षोभाच्या दिवसांत केलेला कायदा काही वर्षांनी थंड डोक्याने तपासण्याची सोय त्या कायद्यातच असावी, असे कॅडोगन समितीचा अहवाल वाचल्यावर वाटल्यावाचून राहत नाही. पाऊणशे वर्षे हा काळ फार होतो.

अलीकडच्या काळातील एक प्रयोग स्कॉटलंडमधला. ग्लासगो शहरातील चाकूधारी टोळ्यांची परंपरा मँचेस्टरइतकीच जुनी, पण ती १९०० साली संपली नाही. नावे बदलत विसाव्या शतकभर चालू राहिली. १९६८ मध्ये फ्रँकी व्हॉन या गायकाने ईस्टरहाउस वस्तीतील टोळ्यांकडून हत्यारे खाली ठेववली, त्याचा पुष्कळ गवगवा झाला, आणि काही काळाने सारे पूर्ववत झाले. २००५ मध्ये तेथील पोलिसांनी कॅरिन मॅक्लस्की आणि जॉन कार्नोकन यांच्या पुढाकाराने एक स्वतंत्र विभाग काढला. हिंसा ही साथीच्या रोगासारखी आहे, ती पसरते कशी ते पाहावे आणि पसरण्याची वाट अडवावी, हा त्यामागील विचार. त्या विभागाने २००८ मध्ये टोळ्यांतील तरुणांना शेरिफ कोर्टात बोलावले. बोलावणे होते ते खटल्याचे नव्हे, ऐकून घेण्याचे. पोलिसांनी सांगितले की, यापुढे एकाने गुन्हा केला तर सबंध टोळीचा पाठलाग होईल. चेहऱ्यावरच्या जखमा शिवणाऱ्या शल्यवैद्याने चाकूने काय होते ते सांगितले. मुलगा गमावलेली एक आई उठून बोलली. आणि शेवटी प्रत्येकाला एक दूरध्वनी क्रमांक दिला गेला. बाहेर पडायचे असेल त्याने फोन करावा, शिक्षण, काम, व्यसनावर उपचार, जे लागेल ते मिळेल. धाक आणि हात, दोन्ही एकाच खोलीत. स्कॉटलंडमध्ये २००४-०५ या वर्षी मनुष्यवधाच्या १३७ घटना नोंदल्या होत्या, २०२२-२३ मध्ये ५२. सारे श्रेय त्या कोर्टातील सभेचे नव्हे, हे तेथील लोकही मान्य करतात. शाळा, दवाखाने, नोकऱ्या देणारे कारखानदार अशा अनेकांना त्या कामात ओढून आणावे लागले आणि त्याला दीड दशक लागले.

सॉल्फर्डचा तो जुना क्लब अजून आहे. त्याची लाल विटांची इमारत टिकली आहे, मुष्टियुद्धाचा आखाडा टिकला आहे, आणि आता मुलींनाही तेथे प्रवेश मिळतो. २०२४ च्या अखेरीस पैशाअभावी तो बंद पडण्याची वेळ आली होती. अडीच लाख पौंड हवे होते. लोकांनी थोडेथोडे करून ते जमवले, आणि क्लबचे दार उघडे राहिले.